मृत्यूची मोजदाद : एक ज्ञातिकर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात मस्तगड, जालना येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस या मेळाव्यात चार शब्द बोलावयास पाचारण केले आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली, याबद्दल आम्ही प्रथम मंडळाचे आभार मानतो. आम्ही एक सामान्य शाळामास्तर. मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतली, यापलीकडे आमचे शिक्षण नाही. वैद्यक अथवा संख्याशास्त्र यांत आमचा अधिकार नाही. तथापि नोकरीच्या काळात जनगणनेच्या कामी दारोदार हिंडण्याचा योग आम्हांस आला, आणि सेवानिवृत्तीनंतर त्या विषयावरील जे ग्रंथ व अहवाल हाती आले ते आम्ही आवडीने वाचीत आलो. त्यातून जे उमगले ते आपणांपुढे साध्या भाषेत ठेवावे, एवढाच आजचा हेतू आहे.

विषय मृत्यूचा आहे. आज येथे गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार व्हावयाचा आहे, वधूवरांचा परिचय व्हावयाचा आहे. अशा मंगल प्रसंगी हा शब्द उच्चारणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. त्यांची आम्ही क्षमा मागतो. कोण किती वर्षे जगतो, कोणाचे मूल वर्षाचे होण्यापूर्वी जाते, कोणती सून बाळंतपणात दगावते, हे सर्व दैवाधीन आहे असे आपण परंपरेने मानीत आलो. परंतु गेल्या साडेतीनशे वर्षांत निरनिराळ्या देशांतील विद्वानांनी मृत्यूंची जी मोजदाद केली, तिने असे दाखवून दिले आहे की, एकेका माणसाचा मृत्यू आपल्या हाती नसला तरी समाजातील मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ अंशी माणसाच्या हाती आहे. आणि ज्या मृत्यूंची नोंदच होत नाही ते टाळण्याचा यत्नही कोणी करीत नाही. आमच्या व्याख्यानाचे सार म्हणाल तर इतकेच आहे.

हे आपल्या मंडळाच्या व्यासपीठावर का सांगावे, असे कोणी विचारील. आमच्याकडे मंडळाच्या मागील कित्येक वर्षांच्या स्मरणिका जपून ठेविलेल्या आहेत. त्यांतील श्रद्धांजलीची पाने आम्ही अलीकडे एकत्र लावून पाहिली. त्यांत ज्ञातीचे आधारस्तंभ आहेत, दानशूर व्यापारी आहेत, वृद्ध माता आहेत. त्यांत एकही तान्हे मूल नाही. एवढ्या वर्षांत आपल्या ज्ञातीत एकही तान्हे मूल गेले नाही, असे या सभागृहातील कोणती माउली छातीवर हात ठेवून म्हणेल?

मोजदादीचा आरंभ

या शास्त्राचा उगम एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या हातून झाला, ही गोष्ट आपल्या दुकानदार बंधूंस आवडेल. लंडन शहरात प्लेगच्या भयाने दर आठवड्यास मृत्यूंचे पत्रक निघत असे. लोक ते वाचीत, घटकाभर हळहळत आणि टाकून देत. जॉन ग्राँट नावाच्या व्यापाऱ्याने अशी अनेक वर्षांची पत्रके मिळविली, दुकानाच्या खतावणीप्रमाणे त्यांची खाती मांडली आणि १६६२ साली त्यावर एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या हिशेबाप्रमाणे जन्मलेल्या १०० मुलांपैकी ३६ मुले सहा वर्षांची होण्यापूर्वीच दगावत होती. मुलगे मुलींपेक्षा किंचित अधिक जन्मतात, हा सृष्टिनियमही त्याने आकड्यांनिशी दाखविला. पुढे १७४९ साली स्वीडन देशाने गावोगावच्या धर्मोपदेशकांकडून जन्म, मृत्यू आणि वय यांची पत्रके मागविण्यास प्रारंभ केला. तेव्हापासून मृत्यूचा हिशेब ठेवणे हे सुधारलेल्या राज्याचे एक लक्षण मानले जाऊ लागले.

आपल्या देशाची कथा या बाबतीत करुण आहे. १९१८ साली इन्फ्ल्युएंझाची जी साथ आली, जिला जुनी माणसे मानमोडी म्हणत, तिने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. १९११ साली देशाची जी लोकसंख्या होती त्याहून १९२१ साली ती किंचित कमीच भरली. विसाव्या शतकात असे दशक दुसरे नाही. १९४१ ते १९५१ या दशकात आपल्याकडील बालकाचे जन्मवेळचे अपेक्षित आयुर्मान अवघे ३२ वर्षांचे होते. २०१४ ते २०१८ या काळात ते ६९.४ वर्षांवर आले. म्हणजे दोन-तीन पिढ्यांत आयुष्य दुपटीहून अधिक वाढले.

येथे एक शंका निघते. ‘आमचे पणजोबा तर नव्वद वर्षे जगले, मग त्या काळी आयुष्य ३२ वर्षांचे कसे?’ हा प्रश्न आम्हांस अनेकांनी विचारला आहे. त्याचे उत्तर सोपे आहे. पणजोबा नव्वद वर्षे जगले हे खरे. परंतु त्यांची जी भावंडे पाळण्यातच गेली त्यांची नावे घरात कोणास ठाऊक नाहीत. नव्वद वर्षांचा एक आणि वर्षाच्या आत गेलेले दोन, अशा तिघांची सरासरी तीसच्या आसपास येते. घराच्या आठवणीत जगलेलेच राहतात. हिशेबात मात्र सर्वांस धरावे लागते.

हिशेब कसा करितात

बालमृत्युदर म्हणजे काय ते प्रथम पाहू. एका वर्षात जिवंत जन्मलेल्या १,००० बालकांमागे एक वर्ष पुरे होण्यापूर्वी जितकी दगावतात, तो त्या प्रदेशाचा बालमृत्युदर. भारतात १९७१ साली तो १२९ होता, २०२० साली २८ होता. त्याच २०२० साली केरळात तो ६, महाराष्ट्रात १६ आणि मध्य प्रदेशात ४३ होता. शेजारच्या दोन राज्यांत एवढे अंतर पडते, याचा विचार आपण पुढे करू.

हे आकडे येतात कोठून? भारत सरकारच्या महानिबंधकांची नमुना नोंदणी पद्धती म्हणून एक योजना आहे. १९६४-६५ साली ती प्रयोगादाखल सुरू झाली आणि १९६९-७० पासून देशभर चालू झाली. तीत काही गावे व शहरांतील काही वस्त्या निवडतात. तेथील एक स्थानिक व्यक्ती, बहुधा शिक्षक अथवा अंगणवाडी सेविका, वर्षभर जन्म व मृत्यू टिपीत राहते. दर सहा महिन्यांनी दुसरा अधिकारी येऊन, पहिल्याची वही न पाहता, घरोघर स्वतंत्र चौकशी करतो. मग दोन्ही नोंदींचा ताळा घेतात. जेथे फरक निघेल तेथे पुन्हा त्या घरी जातात. व्यापारी जसा रोजमेळ आणि खतावणी ताडून पाहतो, तसाच हा प्रकार होय. या कामात शिक्षकांचा वाटा आहे याचा आम्हांस अभिमान वाटतो.

दुसरी रीत जनगणनेची. प्रत्येक विवाहित स्त्रीस तीत विचारतात की, आपणांस जिवंत अपत्ये एकूण किती झाली आणि त्यांपैकी आज हयात किती? विल्यम ब्रास या स्कॉटिश संख्याशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले की, स्त्रियांच्या वयाप्रमाणे या दोन उत्तरांची मांडणी केली तर, जेथे नोंदणी धड नाही अशा देशांतही बालमृत्यूचे प्रमाण काढता येते. २००१ सालच्या जनगणनेत आम्ही एका घरी हाच प्रश्न विचारला. सासूबाईंनी ओसरीवर बसून सांगितले, ‘सूनबाईस चार झाली, चारही आहेत.’ आम्ही लिहिणार तोच आतल्या दाराशी उभ्या असलेल्या सुनेने काही न बोलता पाच बोटे वर केली. सासूबाई म्हणाल्या, ‘मास्तर, ते काय धरायचं? त्याचं बारसंसुद्धा झालं नव्हतं.’ आम्ही झालेली पाच आणि हयात चार असे लिहिले. बारशापूर्वी गेलेल्या बालकास नाव नसते, फोटो नसतो, तेराव्याची पत्रिका नसते. परंतु आईपाशी त्याची नोंद असते. २०२० साली भारतात हजारी २८ हा जो बालमृत्युदर होता, त्यांपैकी २० मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील होते. म्हणजे आपण ज्यांस मोजीत नाही, त्यांतच मोठा भाग आहे.

तिसरी रीत कारणे शोधण्याची. आपल्याकडे कित्येक माणसे घरीच मरण पावतात आणि कारण कोणी वैद्य लिहून देत नाही. यासाठी २००१ नंतर महानिबंधकांच्या कार्यालयाने डॉक्टर प्रभात झा यांच्यासमवेत दशलक्ष मृत्यूंचा अभ्यास हाती घेतला. प्रशिक्षित पाहणीदार मृताच्या घरी जाऊन शेवटच्या आजाराची लक्षणे विचारून घेत आणि दोन डॉक्टर ती हकीकत वाचून एकमेकांस न विचारता कारण ठरवीत. त्यातून अनेक झाकलेल्या गोष्टी बाहेर आल्या. सर्पदंशाने देशात वर्षास सुमारे ४६,००० माणसे मरतात, असा २००५ सालासाठीचा अंदाज निघाला. सरकारी दवाखान्यांच्या कागदांत तो आकडा याच्या कितीतरी खाली होता, कारण बहुतेक जण दवाखान्यात पोचतच नव्हते. विडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरीने सुमारे ६ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्याचे सुमारे १० वर्षांनी घटते, हेही याच अभ्यासाने २००८ साली दाखविले.

आकडे वाचताना एक सावधगिरी मात्र ठेवावी लागते. २०२० साली केरळात दर हजार लोकवस्तीमागे ७ मृत्यू झाले आणि बिहारात ५.४. यावरून बिहार अधिक निरोगी, असे कोणी म्हणेल तर ती चूक होईल. केरळात म्हातारी माणसे अधिक आहेत म्हणून तेथे मृत्यू अधिक दिसतात. त्याच वर्षी बालमृत्युदर केरळात ६ आणि बिहारात २७ होता. वय न लिहिता नुसते मृत्यू मोजले तर हिशेब उलटा लागतो. मंडळाच्या नोंदीविषयी बोलताना हा मुद्दा पुन्हा येईल.

आपल्या महाराष्ट्राने या शास्त्रास मोठा हातभार लाविला आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यात केलेली जनन व मृत्यू यांची पाहणी १९५३ साली प्रसिद्ध केली. १९५६ साली मुंबईस लोकसंख्येच्या अभ्यासाचे केंद्र स्थापन झाले. त्यालाच आज आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था म्हणतात. १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी तीच संस्था करीत आली आहे. त्या पाहणीप्रमाणे महाराष्ट्राचा बालमृत्युदर १९९२-९३ साली सुमारे ५० होता, तो २०१९-२१ मध्ये सुमारे २३ वर आला.

भेद कोठून येतो

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. एकाच देशात जन्मलेल्या दोन बालकांच्या जगण्याच्या आशेत इतका भेद का असावा? २०२० साली भारतात खेड्यांचा बालमृत्युदर ३१ होता, शहरांचा १९. दवाखान्याचे अंतर, पिण्याचे पाणी, शौचकूप, आईच्या पोटात गेलेले अन्न, या सर्वांचा तो परिणाम आहे.

त्याहून ठळक भेद आईच्या शिक्षणाचा आहे. जॉन कॉल्डवेल या ऑस्ट्रेलियन विद्वानाने १९७९ साली नायजेरिया देशातील आकड्यांवरून दाखविले की, बापाचा धंदा व मिळकत सारखी असली तरी शिकलेल्या आईची मुले अधिक जगतात. भारतातील पाहण्यांतही तेच दिसून आले; २०१५-१६ च्या पाहणीत, शाळेचे तोंड न पाहिलेल्या मातांच्या मुलांत पाच वर्षांखालील मृत्यूंचे प्रमाण बारावी वा पुढे शिकलेल्या मातांच्या मुलांच्या दुपटीहून अधिक होते. शिकलेली आई बाळाचे दुखणे लवकर ओळखते, औषध किती व केव्हा द्यावयाचे ते वाचते, आणि ‘आताच दवाखान्यात न्या’ असे घरातील वडीलधाऱ्यांस सांगण्याचे बळ तिच्या अंगी येते. आम्ही आयुष्यभर शाळेत मुलींस बाराखडी शिकविली, तेव्हा आपण त्यांच्या भावी लेकरांचे आयुष्य वाढवीत आहोत हे आमच्या ध्यानी नव्हते. आज ते समजून मोठे समाधान वाटते.

याच २०१५-१६ च्या पाहणीत जातवारीचेही आकडे आहेत, आणि ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून ते सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. पाच वर्षांखालील बालकांचे मृत्यू हजारी अनुसूचित जमातींत ५७, अनुसूचित जातींत ५६, इतर मागासवर्गांत ५१ आणि उरलेल्यांत सुमारे ३९ होते. यमराज कोणाच्या दारी जाऊन जात विचारीत नाही. तरीही त्याच्या हिशेबात जात दिसते. यावरून कोणी रक्ताच्या शुद्धतेचा डौल मिरवील तर तो मूर्खपणा होईल. वस्ती गावाच्या कोणत्या टोकास आहे, नळ कोणाच्या दारी आहे, आईस गरोदरपणी किती मजुरी करावी लागते, दवाखान्यात तिच्याशी कोण कसे बोलते, यांचे ते आकडे आहेत. ज्या गोष्टी माणसाने केल्या त्या माणसास पालटता येतात.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. २०१९-२१ च्या पाहणीत जालना जिल्ह्यातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी शंभरात ३५ जणींचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी झालेले आढळले. महाराष्ट्राचे प्रमाण शंभरात २२ होते. कोवळ्या वयाच्या आईचे बाळ वजनाने कमी भरते, आणि कमी वजनाच्या बाळास पहिला महिना कठीण जातो. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्यात सहा वर्षांखालील १,००० मुलग्यांमागे ८७० मुली होत्या. निसर्गतः त्या ९५० च्या आसपास असावयास हव्यात. हा नियम ग्राँटच्या काळापासून ज्ञात आहे. गर्भलिंगचिकित्सेवर निर्बंध घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला, ही अभिमानाची गोष्ट. आणि तरीही हा आकडा, ही लाजेची गोष्ट. या मुली कोणत्याही मृत्युपत्रकात सापडणार नाहीत. त्या फक्त वजाबाकीत दिसतात.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे

हे सारे ऐकून मन खिन्न होते, म्हणून दोन आशादायक उदाहरणे सांगतो. पहिले आपल्या मराठवाड्याच्या वेशीवरील जामखेडचे. डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या, बहुधा निरक्षर व कित्येकदा दलित समाजातील, स्त्रियांस आरोग्याचे शिक्षण दिले. पाणी, अन्न, बाळंतपण यांकडे त्या लक्ष देऊ लागल्या आणि बालमृत्यू झपाट्याने घटले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरे गडचिरोलीचे. डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांनी तेथे केलेल्या कामाचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी प्रथम मोजले. घरोघर जन्म व मृत्यू यांची काटेकोर नोंद केली तेव्हा आढळले की, नवजात बालके घरातल्या अंधाऱ्या खोलीतच आजारी पडतात आणि तेथेच जातात; दवाखान्यापर्यंत कोणी नेत नाही. तेव्हा उपचारच त्या खोलीपर्यंत न्यावयाचे त्यांनी ठरविले. गावातील एका स्त्रीस बाळाचे वजन करणे, त्यास उबेत ठेवणे, जंतुदोष ओळखणे व औषध देणे शिकविले. न्यूमोनिया ओळखण्यासाठी मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी लाविलेले एक साधे श्वासमापक यंत्र केले, जेणेकरून ज्या बाईस मोठे आकडे मोजता येत नाहीत तिलाही श्वास मोजता यावेत. ३९ गावांत हे काम केले आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेविली. कामाच्या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण आरंभी हजारी ६२ होते, ते १९९७-९८ पर्यंत सुमारे २५ वर आले. तुलनेच्या गावांत ते साठीच्या आसपासच राहिले. १९९९ साली हा वृत्तांत लॅन्सेट या प्रसिद्ध वैद्यकीय पत्रात छापून आला, आणि २०११ पासून भारत सरकारने ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर लागू केली. आज दवाखान्यात बाळंत झालेल्या आईच्या घरी आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा जाते, घरी बाळंत झालेलीकडे सात वेळा. आपल्यापैकी कित्येक घरांत तिला उंबऱ्याबाहेरूनच निरोप देतात. तिला आत बोलवा, पाट द्या, बाळ तिच्या हाती द्या. तिची वही आणि तिचा तराजू यांनी लेकरे वाचली आहेत, याचा पुरावा गडचिरोलीने दिला आहे.

आपल्या मंडळाने काय करावे

ज्या मस्तगडावर आपण आज जमलो आहोत, ती गढी आसफजहाच्या अमदानीत १७२५ साली काबिलखानाने बांधविली असे गॅझेटियर सांगते. पुढे या गढीत नगरपालिकेच्या कचेऱ्या आल्या. गढी बांधविणाऱ्याचे नाव इतिहासाने राखले. गावात जन्मणाऱ्या आणि मरणाऱ्या सामान्य माणसाचे नाव राखण्याचे काम कचेरीच्या दप्तराने करावयाचे असते. १९६९ च्या कायद्याने प्रत्येक जन्म व मृत्यू नोंदविणे सक्तीचे केले आहे आणि त्यास २१ दिवसांची मुदत आहे. जन्माचा दाखला शाळेसाठी लागतो म्हणून आपण तो काढतो. मृत्यूचा दाखला वारसासाठी लागतो म्हणून काढतो. बारशापूर्वी गेलेल्या बालकास शाळा नाही आणि वारसही नाही, म्हणून त्याची नोंद राहून जाते. यापुढे आपल्या ज्ञातीतील एकही मृत्यू कचेरीत नोंदविल्यावाचून राहू नये, ही आमची पहिली विनंती.

दुसरी विनंती मंडळास. दरवर्षी आपण कुटुंबपत्रक भरून घेतो. त्यास एक पान जोडावे. वर्षभरात घरात झालेले जन्म, झालेले मृत्यू. मृताचे वय, तान्ह्या बालकांचे दिवसांत आणि इतरांचे वर्षांत. मुलगा की मुलगी. मृत्यू घरी की दवाखान्यात. शेवटच्या आजाराची लक्षणे साध्या शब्दांत. आणि बालक असेल तर मातेचे वय व शिक्षण. लग्न होऊन गेलेल्या लेकीची नोंद सासरच्या पत्रकात व्हावी. परंतु माहेरच्यांसही तोच प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा. नमुना नोंदणीतील दोन वह्यांप्रमाणे सासरचे आणि माहेरचे पत्रक ताडून पाहिले तर लपलेले बाहेर येईल. सासर विसरले तरी माहेर विसरत नाही.

यास तीन आक्षेप येतील, नव्हे आमच्या कानी ते आलेच आहेत. पहिला असा की, हे अशुभ आहे. गरुडपुराण घरात वाचणाऱ्यांनी मृत्यूच्या चार रकान्यांस भ्यावे, याचे आम्हांस आश्चर्य वाटते. दुसरा आक्षेप गंभीर आहे. ‘घरातील आजार कागदावर आले तर सोयरिकी मोडतील,’ असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस सांगितले. हे भय खरे आहे आणि त्याची थट्टा करू नये. म्हणून त्या पानावर कुटुंबाचे नाव नसावे, केवळ क्रमांक असावा. क्रमांकांची यादी ज्ञातीतील एखाद्या डॉक्टरांपाशी बंद राहावी. वधूवर समितीकडे हा कागद कदापि जाऊ नये. आणि स्मरणिकेत फक्त एकंदर बेरजा छापाव्यात. तिसरा आक्षेप असा की, हे काम सरकारचे आहे. सरकार आपले काम करीत आहे. परंतु जिल्ह्याचा आकडा वाचून आपण म्हणतो, ‘हे इतरांचे असेल, आपल्यात असे होत नाही.’ आपला आकडा आपणच काढल्यावाचून हा भ्रम जावयाचा नाही.

एक सूचना हिशेबाची. आपली ज्ञाती लहान आहे. वर्षास २०० जन्म धरले तर चार बालके दगावल्यास दर २० येतो, सहा दगावल्यास ३० येतो. एका वर्षाच्या चढउतारावरून हर्ष अथवा खेद करू नये. निदान पाच वर्षांची बेरीज होऊ द्यावी. आणि जे निघेल ते निमूट छापावे, शोभेचे असो वा नसो.

तिसरी विनंती वधूवरांच्या मातापित्यांस. वधूची अठरा वर्षे पुरी झाल्याचा दाखला पाहिल्यावाचून मंडळाने परिचयपत्र स्वीकारू नये, आणि पुस्तिकेत वधूच्या उंची-वर्णाआधी तिचे शिक्षण छापावे. गुणवंतांच्या सत्कारात बारावीच्या पुढे शिकणाऱ्या विवाहित सुनांचाही सत्कार व्हावा. सासरी राहून शिकणारी सून ही ज्ञातीची मोठी ठेव आहे.

शेवटी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. आपण आपल्या ज्ञातीपुरते मोजावयास निघालो, तरी उपाय ज्ञातीपुरता राहणार नाही. कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवरील वस्त्यांत साथ शिरली तर ती आडनाव पाहून थांबत नाही. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचे लेकरू आजारी आहे आणि आपले निरोगी आहे, ही स्थिती फार दिवस टिकत नाही, आणि टिकली तरी ती शोभत नाही. म्हणून आपले पत्रक तयार झाले की ते गावातील इतर समाजांच्या मंडळांसही द्यावे, त्यांनीही मोजावे, आणि सर्वांनी मिळून नगरपालिकेपुढे, आता महानगरपालिकेपुढे, पाणी व दवाखाना यांची मागणी आकड्यांनिशी ठेवावी. रिकाम्या हाताने केलेल्या तक्रारीपेक्षा आकडा घेऊन गेलेल्या मागणीस अधिक वजन असते.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती या गावच्या व्यापाराची आणि सुबत्तेची कीर्ती सांगते. पाळणा सोन्याचा असो वा लाकडाचा, त्यातील बाळ खेळते राहणे यातच त्याची शोभा आहे. येत्या वर्षीच्या स्मरणिकेत, गुणवंतांच्या यादीनंतर आणि श्रद्धांजलीच्या पानापूर्वी, एक लहानसा तक्ता छापला जावा: या वर्षी ज्ञातीत किती बालके जन्मली, किती गेली, किती दिवसांची होऊन गेली. तो तक्ता छापण्याचा ठराव आजच्या सभेने संमत करावा, अशी सूचना आम्ही अध्यक्षमहाराजांच्या अनुज्ञेने मांडतो.